मोटारीत येणारा पेट्रोलचा वास : कारण शोधण्याची रीत

नाशिक जिल्ह्यातील बागायतदाराच्या घरी मोटार ही आता केवळ प्रवासाची वस्तू राहिलेली नाही. फवारणीची औषधे, पंप आणि त्या पंपासाठी लागणारे पेट्रोल तिच्यातूनच बागेत जाते, व सायंकाळी घरची माणसेही तिच्यातूनच पिंपळगावच्या बाजारास जातात. अशा मोटारीत पेट्रोलचा वास येऊ लागला म्हणजे ‘गाडी जुनी झाली, वास यायचाच’ असे म्हणून पुष्कळदा दुर्लक्ष होते. ही समजूत घातक होय. सुस्थितीतील मोटारीत, ती कितीही जुनी असली, तरी पेट्रोलचा वास येता कामा नये.

धोक्याचे स्वरूप

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते व खोलगट जागी साचून राहते. हवेत तिचे प्रमाण सुमारे दीड टक्का झाले तरी एका ठिणगीने ती पेट घेते. निफाडच्या बाजूस कडाक्याची थंडी पडली की द्राक्षबागेत ऊब राहावी म्हणून पहाटे शेकोट्या पेटवितात. गळकी मोटार अशा शेकोटीजवळ उभी करणे म्हणजे अनर्थास आमंत्रण होय. शिवाय ही वाफ श्वासावाटे गेल्यास डोके दुखते, चक्कर येते. काही वेळाने नाकास वासाची सवय होते व धोका टळल्याचा भास होतो. म्हणून वासाची परीक्षा नेहमी बाहेरून नुकत्याच आलेल्या माणसाकडून करवावी.

प्रथम करावयाची गोष्ट

वास येताच मोटार बाजूस घेऊन इंजिन बंद करावे, सर्वांनी खाली उतरावे व दारे उघडी ठेवावीत. विडी, काडी, कंदील जवळ आणू नये. उजेड हवा असल्यास विजेरी दूर अंतरावर पेटवून मग जवळ यावे. वास उग्र असेल किंवा खाली थेंब पडत असतील, तर इंजिन पुन्हा सुरू करू नये.

शोध कसा घ्यावा

१. प्रथम मोटारीतील सामान बाहेर काढावे. पुष्कळदा दोष मोटारीचा नसून फवारणी पंपाच्या सैल बुचाचा किंवा सांडलेल्या डब्याचा असतो. डिझेलच्या मोटारीत पेट्रोलचा वास आल्यास तर हेच कारण प्रथम धरावे. सतरंजी व गाद्या उन्हात टाकून दुसऱ्या दिवशी पुन्हा वास घ्यावा.

२. वास केव्हा येतो ते आठवावे. पेट्रोल भरल्यानंतरच येत असेल, तर टाकीचे झाकण, त्यातील रबरी कडे व भरण्याच्या नळीचा जोड तपासावा. पंपावरील नळी आपोआप बंद झाल्यावरही टाकी काठोकाठ भरण्याची सवय असल्यास ती सोडावी. जादा पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरून तो निकामी होतो.

३. मागील आसनाजवळ वास अधिक असल्यास टाकीवरील पंपाच्या झाकणाचा संशय घ्यावा. अनेक मोटारींत हे झाकण आसनाखालीच असते.

४. पंखा लावताच वास वाढत असेल, तर गळती बहुधा इंजिनापाशी आहे, कारण बाहेरची हवा काचेखालील जाळीतून आत येते. केवळ थंडीच्या सकाळी वास येऊन पुढे नाहीसा होत असेल, तर नळीचे जोड पाहावेत. थंडीने रबर आकसते व जोड सैल पडतो. इंजिन तापले की तो पुन्हा घट्ट बसतो. जुन्या कार्बुरेटरच्या मोटारीत तरंगता गोळा अडकूनही पेट्रोल वाहते.

५. इंजिन थंड असताना प्रत्येक जोड स्वच्छ, कोरड्या फडक्याने पुसून त्या फडक्याचा वास घ्यावा. धूळ ज्या ठिकाणी ओली दिसेल वा धुऊन गेली असेल, तेथेच गळती समजावी. शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या मोटारीत उंदरांनी कुरतडलेल्या नळ्यांकडे विशेष लक्ष द्यावे.

दुरुस्तीविषयी

इंजेक्शन पद्धतीच्या मोटारीत इंजिन बंद केल्यावरही नळीत मोठा दाब टिकून असतो. म्हणून जोड स्वतः सोडू नये. गळती कोठे आहे हे कारागिरास नेमके दाखविले, तरी निम्मे काम झाले. नळीस चिकटपट्टी वा साबण लावून वेळ मारून नेऊ नये. २०२५ साली देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. हे इथेनॉल उसापासून व धान्यापासून होते, ही शेतकऱ्याच्या लाभाची गोष्ट खरी. तथापि जुन्या प्रकारचे रबर त्याने फुगते व चिरते. नवी नळी अशा मिश्रणास टिकणारीच घ्यावी.

फवारणीचे पेट्रोल शक्यतो माणसांच्या मोटारीतून नेऊ नये. नेणे भागच असेल, तर घट्ट बुचाच्या योग्य डब्यात, मागील उघड्या हौद्यात, उभे बांधून न्यावे. छाटणीच्या हंगामापूर्वी जसा पंप तपासला जातो, तशीच मोटारही एकदा तपासावी. नळीचा तुकडा अल्प खर्चात मिळतो. त्या मोटारीत बसणारी घरची माणसे मात्र अमोल असतात.