गर्भिणी व सूतिका यांना जीवनसत्त्वे देताना : मात्राविचार

चरकाचार्यांनी शारीरस्थानात गर्भिणीची मासानुमासिक परिचर्या सांगितली आहे. प्रथम मासातील दूध, चतुर्थ मासातील लोणी या क्रमात काल व मात्रा यांचा विचार स्पष्ट आहे. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांबाबत मात्र ‘ताकदीची गोळी, तिचा अपाय कसला?’ असा समज रुग्णांत व क्वचित आपल्यातही आढळतो.

आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात आलेल्या एका गर्भिणीच्या पिशवीत मल्टिव्हिटॅमिन, माशाच्या यकृततेलाच्या कॅप्सूल व केसांसाठीच्या गोळ्या निघाल्या. तिन्हींत जीवनसत्त्व ‘अ’ होते. पहिल्या गोळीतच १०,००० एकके. देणारे तिघे वेगळे, बेरीज कोणीच केलेली नव्हती. पहिल्या भेटीत आम्हीही विचारले नव्हते, हे मान्य केले पाहिजे.

काय टाळावे : रेटिनॉल स्वरूपातील ‘अ’ रोज १०,००० एककांहून अधिक घेतल्यास, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, गर्भाच्या चेहरा, हृदय व मेंदू यांत विकृतीचा धोका असतो. गाजर, पालेभाज्यांतील बीटा-कॅरोटिनचा असा दोष नाही. ‘ड’ची ६०,००० एककांची पुडी आठवड्याची असते, ती चुकून रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम वाढते. ‘ब६’ अतिमात्रेत दीर्घकाळ घेतल्यास नाड्यांना इजा होते.

काय टाळू नये : गर्भाची मज्जानलिका गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत मिटते, म्हणून फॉलिक आम्ल (रोज ४०० मायक्रोग्रॅम) गर्भधारणेपूर्वीच सुरू व्हावे. ‘अ‍ॅनिमियामुक्त भारत’ (२०१८) योजनेनुसार चौथ्या महिन्यापासून लोह ६० मिलिग्रॅम व फॉलिक आम्ल ५०० मायक्रोग्रॅम रोज १८० दिवस, प्रसूतीनंतर पुन्हा १८० दिवस द्यावयाचे असते. कॅल्शियम लोहासोबत देऊ नये. लोहाचे शोषण घटते. शाकाहारी सूतिकेत ‘ब१२’ कमी असल्यास स्तन्यातही ते उणे पडते व बालकाच्या मज्जासंस्थेस बाधा होऊ शकते.

हाच निकष आपल्या औषधांनाही लावावा. न्यूयॉर्क शहरात २०११-१२ मध्ये भारतीय बनावटीची आयुर्वेदीय औषधे घेणाऱ्या सहा गर्भिणींच्या रक्तात शिसे वाढलेले आढळले. अनोळखी उत्पादकाचे रसकल्प गर्भिणीस देऊ नयेत.

वैद्यांनी ‘घरातील सर्व बाटल्या घेऊन या’ असे प्रत्येक गर्भिणीस सांगावे. औषधविक्रेत्यांनी शक्तिवर्धक गोळी देण्यापूर्वी ‘दिवस गेले आहेत का, बाळ अंगावर पिते का?’ एवढे विचारावे. बेरीज करणारा एक तरी माणूस असला पाहिजे; तो आपणच व्हावे.