प्रदेशनाम आणि बोलीनाम : ‘-ई’ प्रत्ययाच्या निमित्ताने

प्रदेशनामास ‘-ई’ प्रत्यय जोडला की मराठीत माणसाचे व बोलीचे नाव एकदमच सिद्ध होते. ‘वऱ्हाड’वरून ‘वऱ्हाडी’ माणूस आणि ‘वऱ्हाडी’ बोली. या समरूपतेमुळे प्रदेश, समाज व भाषा यांच्या सीमा एकच आहेत असा समज होतो. तो कितपत टिकतो, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

रत्नागिरीकडील माणूस स्वतःस ‘कोकणी’ म्हणवतो, परंतु मातृभाषा बहुधा मराठी सांगतो. भाषानाम म्हणून मात्र ‘कोकणी’ ही १९९२ साली घटनेच्या आठव्या अनुसूचीत समाविष्ट झालेली स्वतंत्र भाषा होय. मालवणीला गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने मराठी रंगभूमीवर मानाचे स्थान मिळवून दिले, २०११ च्या जनगणनेत तिची गणना कोकणीखाली झाली आहे. ग्रिअर्सनने खानदेशीला मराठीच्या सातव्या खंडात न घेता भिल्ल बोलींसमवेत नवव्या खंडात घेतले. जनगणनेतही ती स्वतंत्र असून २०११ साली तिचे सुमारे १८ लाख ६० हजार भाषक नोंदले गेले. यांतील बहुसंख्यांनी मात्र आपल्या बोलीचे नाव ‘अहिराणी’ असे सांगितले. हे नाव प्रदेशावरून आलेले नसून परंपरेने अहीर समाजाशी जोडले जाते.

‘घाटी’ या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. प्रत्यय तोच, परंतु ज्यांना तो लावला जातो ते आपल्या मुलखाला ‘देश’ म्हणतात. ‘घाट’ दिसतो तो खालून, कोकणातून व मुंबईतून. ‘घाटावरचा’ म्हटल्याने केवळ स्थळ कळते, ‘घाटी’ म्हटल्याने हेटाळणी. अर्थात ही हेटाळणी प्रत्ययात नसून नाव कोण कोणाला देतो, या संबंधात आहे.

तात्पर्य, बोलीचे नाव भाषक ठेवतात, शेजारी ठेवतात, तसेच सर्वेक्षक व शासनही ठेवते. आणि ही नावे जुळतातच असे नाही. वर्गात विद्यार्थ्याच्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणणारा अध्यापक त्यांत आणखी एका नावाची भर घालतो. प्रमाण मराठीची घडण प्रामुख्याने पुणे परिसरातील शिष्टवर्गाच्या बोलीवर झाली, तरी तिला ‘पुणेरी’ न म्हणता नुसते ‘मराठी’ म्हटले जाते. तेव्हा बोलींचा अभ्यास आरंभताना विद्यार्थ्याच्या घरी त्याच्या बोलीला काय म्हणतात, हे प्रथम विचारणे अगत्याचे ठरते.