पाठविलेल्या ई-मेलांतील गुप्त प्रत

पत्र हें विश्वासाचें वाहन होय. तें कोणास लिहिलें आणि कोणाकोणाच्या हातीं गेलें, हें निदान लिहिणारास तरी निश्चित ठाऊक असलें पाहिजे. आज वेळणेश्वरासारख्या गांवीं वडील मुंबईस नोकरीवर, आई घरीं, आणि बँकेचा, विम्याचा किंवा शिष्यवृत्तीचा पत्रव्यवहार नववी-दहावींतील मुलाच्या हातीं, असा प्रकार पुष्कळ घरांत दिसतो. म्हणून ई-मेलांतील ‘बीसीसी’ या रकान्याची नीट ओळख विद्यार्थ्यांस व पालकांस असणें अगत्याचें आहे.

नांवाची उत्पत्ति

‘बीसीसी’ म्हणजे ‘ब्लाइंड कार्बन कॉपी’. कार्बनी कागदाचें पेटंट इंग्लंडांत राल्फ वेजवुड यांनीं १८०६ सालीं घेतलें. पुढें टंकयंत्रें आल्यावर कचेऱ्यांतून दोन कागदांमध्यें हा कागद घालून एकाच वेळीं मूळ पत्र व प्रत तयार करीत. प्रत कोणास पाठविली, हें मूळ पत्राच्या तळाशीं लिहीत, तीच ‘सीसी’. परंतु मूळ पत्र ज्यास जाणार त्यास एखादें नांव कळूं द्यावयाचें नसेल, तर मूळ कागद यंत्रांतून काढून घेऊन तें नांव केवळ प्रतीवर उठवीत. ही गुप्त प्रत होय. १९७१ सालीं रे टॉमलिन्सन यांनीं एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठविलें, आणि पुढें कचेरींतील हे जुने संकेतहि संगणकांत आले.

पाकीट आणि पत्र

गुप्त प्रत मिळणाराचें नांव इतरांस कां दिसत नाहीं, हें समजण्यास टपालाचें उदाहरण घ्यावें. टपालवाला पाकिटावरील पत्ता वाचतो. आंत मायना कोणाच्या नांवें आहे, याच्याशीं त्यास कर्तव्य नाहीं. श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेनें १५ ऑगस्ट १९७२ पासून भारतांत सुरू झालेला सहा अंकी पिनकोडहि पाकिटावरच लिहावयाचा असतो. ई-मेलाचेंहि असेंच आहे. आपण ‘पाठवा’ ही कळ दाबतांच आपलें यंत्र सर्व्हरला प्रथम पाकीट देतें. त्यावर टू, सीसी व बीसीसी या तिन्ही रकान्यांतील सर्व पत्ते असतात. मग आंतील पत्र देतें. त्यांतून बीसीसीची ओळ बहुधा काढून टाकलेली असते. पोंचविल्यावर पाकीट फेकलें जातें. म्हणून ज्यास पत्र मिळालें त्यानें मूळ मजकूर उलगडून पाहिला, तरी त्यास इतरांचीं गुप्त नांवें सांपडत नाहींत. जें पत्राबरोबर आलेंच नाहीं, तें शोधून कसें सांपडणार?

पाठविणारानें शोध कसा करावा

पाठविणाराची गोष्ट निराळी. त्याच्यापाशीं ‘सेंट’ या कप्प्यांत स्वतःची प्रत राहते, आणि तींत बीसीसीची ओळ सहसा जपलेली असते. शोध या क्रमानें करावा.

१. ‘सेंट’ कप्पा उघडून तें पत्र उघडावें. जीमेलमध्यें पाठविणाराच्या नांवाखालीं लहानसें त्रिकोणी चिन्ह असतें. तें दाबतांच सर्व तपशील दिसतो. मोबाइलवर पत्त्याच्या ओळीस स्पर्श करून तपशील पाहावा.

२. पत्रें पुष्कळ असल्यास शोधाच्या चौकटींत बीसीसी हीं इंग्रजी अक्षरें, त्यापुढें कोलन, आणि त्यास लागून संशयित पत्ता लिहावा.

३. प्रत ज्या यंत्रावरून पाठविली तेथेंहि पाहावें. कांहीं जुन्या व्यवस्थांत पाठविलेलें पत्र त्याच संगणकावर राहतें, मोबाइलवर येत नाहीं. कांहीं व्यवस्थांत सर्व्हर बीसीसीची ओळ काढून मगच प्रत सांठवितो. अशा वेळीं ‘सेंट’ कप्पाहि मुका राहतो.

४. परत आलेलीं पत्रें पाहावींत. गुप्त पत्ता चुकीचा असेल तर पत्र पोंचलें नाहीं अशी सूचना येते, आणि तींत तो पत्ता स्पष्ट लिहिलेला असतो.

५. यंत्राच्या मांडणींत ‘प्रत्येक पत्राची प्रत अमक्यास’ असा नियम कोणी घातला आहे काय, तें तपासावें. कार्यालयाच्या सर्व्हरवर व्यवस्थापकानें असा नियम घातला असेल, तर तो पाठविणारास दिसतच नाहीं. त्याची नोंद व्यवस्थापकाकडेच मिळते.

आणखी एक सावधगिरी आहे. दोन अक्षरें लिहितांच यंत्र पुढील नांव आपण होऊन सुचवितें. कोंकणांत एकाच आडनांवाचीं घरें पुष्कळ; तेव्हां काकांच्या जागीं भलत्याच गृहस्थांस पत्र जाण्यास विलंब लागत नाहीं.

हयगयीचें फळ

हा विषय क्षुल्लक नव्हे. सप्टेंबर २०१५ मध्यें लंडनच्या एका रुग्णालयानें आपल्या एच. आय. व्ही. चिकित्सालयाचें वार्तापत्र सुमारें सातशें ऐंशी जणांस धाडतांना पत्ते बीसीसीऐवजीं टू या रकान्यांत घातले. ज्यांनीं आपला आजार घरींहि सांगितला नसेल, त्यांचीं नांवें परक्यांपुढें उघडीं पडलीं. रुग्णालयास एक लक्ष ऐंशीं हजार पौंड दंड झाला. सप्टेंबर २०२१ मध्यें ब्रिटिश संरक्षण खात्यानें हीच चूक अफगाण लोकांस पत्र पाठवितांना केली. ते तालिबानच्या भयानें देश सोडूं पाहत होते. त्यांपैकीं एकानें सर्वांस उत्तर देतांना आपलें ठिकाणहि कळविलें! येथें प्रश्न लाजेचा नसून प्राणांचा होता. खात्यास डिसेंबर २०२३ मध्यें साडेतीन लक्ष पौंड दंड झाला. भारतांतहि व्यक्तीच्या खासगी माहितीच्या रक्षणासाठीं २०२३ सालीं स्वतंत्र कायदा संमत झाला आहे.

आपल्याजवळचेंच उदाहरण घ्या. फी-माफी मिळालेल्या बारा पालकांस एकच पत्र पाठवावयाचें आहे. बाराहि पत्ते टू रकान्यांत घातले, तर कोणाच्या घरीं अडचण आहे हें बारा घरीं कळेल. तेच बीसीसींत घातले, तर प्रत्येकाची अब्रू राखली जाईल. हा साधा शेजारधर्म होय.

परंतु हाच रकाना कपटासहि उपयोगी पडतो. मित्रास समजुतीचें पत्र लिहावयाचें आणि त्याची प्रत गुपचूप तिसऱ्यास द्यावयाची, हें भिंतीआड साक्षीदार उभा करण्यासारखें आहे. शिवाय तें गुपित टिकेलच असें नाहीं. तिसऱ्यानें ‘सर्वांस उत्तर’ ही कळ दाबली, कीं त्याचें नांव आपोआप सर्वांपुढें येतें. म्हणून गुप्त प्रत देण्यापूर्वीं स्वतःस एकच प्रश्न विचारावा: हें नांव उद्यां उघड झालें, तर मी मान वर करून कारण सांगूं शकेन काय? दुसऱ्याचें रक्षण हें कारण असेल तर प्रत खुशाल द्यावी. दुसऱ्यास फसविणें हें असेल तर तें नांव पुसून टाकावें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. पाकीट व पत्र या दृष्टांतानें बीसीसीचें कार्य स्पष्ट करा.
२. ‘सेंट’ कप्प्यांत गुप्त पत्ता न दिसण्याचीं दोन कारणें सांगा.
३. गेल्या महिन्यांत घरून पाठविलेलीं पांच पत्रें पालकांसमवेत उघडून तीं कोणाकोणास गेलीं, याची यादी करा.