प्रायश्चित्ताचे दोन बकरे (लेवीय 16)

हदगावाकडील आपल्या खेड्यांत मरीआईस बकरा देतात तो तिचा कोप शमावा म्हणून. इस्राएलाचा यज्ञ असाच होता काय? नाही. तेथे प्रायश्चित्तासाठी रक्त देवानेच नेमून दिले (17:11). वर्षातून एकदा एक बकरा वधिला जाई; दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रमुख याजक लोकांची पापे कबूल करी व त्यास रानात सोडून देत. पापाची क्षमा झाली, व ते दूरही नेले गेले.

इ. स. 70 त यरुशलेमेचे मंदिर पडले व हे यज्ञ थांबले. कोकणातील बेने इस्राएल तो दिवस दारे लावून, उपवास करून पाळीत आले. आपण मानतो की, ख्रिस्ताने एकदाच स्वतःस अर्पिले (इब्री 9:26). म्हणून रोगराईत शेजारी बकऱ्याची वर्गणी मागू लागले तर भिऊ नये, त्यांस हिणवूही नये. रोग्याची शुश्रूषा करावी.