क्लच का घसरतो?

भिवंडी तुम्ही पाहिली आहे का? ठाणे जिल्ह्यातले हे मोठे गाव. गल्लोगल्ली यंत्रमागांची खडखड चालते. गावाबाहेर आता मोठमोठी गोदामेही झाली आहेत. जवळूनच मुंबई-आग्रा रस्ता जातो. सूत, कापडाचे तागे, गोदामांतला माल, सारे ट्रकनेच येते-जाते. तेव्हा ट्रक दुरुस्त करणारे मिस्त्रीही इथे पुष्कळ.

अशाच एका मिस्त्रीकडे पडघ्याच्या बाजूचा एक गाडीवाला आपला जुना ट्रक घेऊन आला. बरोबर त्याचा पुतण्या होता. तोच गाडीचा क्लीनर.

"काय होतंय गाडीला?" मिस्त्रीने विचारले.

"चढावर ओढतच नाही बघा. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसते ओरडते. गाडी मात्र जागची हलत नाही. वर जळका वास. काल कसाऱ्याच्या घाटात जीव मेटाकुटीला आला."

"काका, इंजिनच गेलं असेल का हो?" पुतण्या हळूच म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. इंजिनाचे काम निघाले म्हणजे कर्ज काढावे लागणार.

मिस्त्री म्हणाला, "आधी पाहू तर खरं."

त्याने चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. हातब्रेक ओढला. गाडीच्या पुढे-मागे कोणी नाही ना, हे पाहिले. मग इंजिन सुरू केले, वरचा गिअर टाकला आणि क्लचचे पेडल हळूहळू सोडले. क्लच चांगला असता तर इंजिन तिथेच बंद पडले असते. पण ते आपले चालूच राहिले.

"इंजिन शाबूत आहे. क्लच घसरतोय."

ही परीक्षा एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केली तर उरलीसुरली प्लेटही जळते.

आता क्लच म्हणजे काय ते समजून घेऊ. तुमचे दोन्ही तळहात एकमेकांवर घट्ट दाबा. एक हात फिरवा. दुसराही त्याच्याबरोबर फिरतो. आता दाब सैल करा आणि हात एकमेकांवर घासा. एक हात फिरतो, दुसरा मागे राहतो, आणि तळवे गरम होतात. क्लचचे असेच आहे.

इंजिनाच्या मागच्या टोकाला एक जड लोखंडी चाक असते. त्याला फ्लायव्हील म्हणतात. फ्लायव्हीलला टेकून क्लच प्लेट असते. तिच्या दोन्ही बाजूंना अस्तर बसवलेले असते. प्लेटच्या मागे प्रेशर प्लेट. ती स्प्रिंगांच्या जोराने क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरते. म्हणून इंजिनाचा जोर गिअर बॉक्समध्ये जातो आणि तिथून चाकांना मिळतो. ड्रायव्हरने पेडल दाबले की हा दाब सुटतो, मधली प्लेट मोकळी होते आणि गिअर बदलता येतो.

दाब पुरा असला की प्लेट पकडते. दाब कमी पडला, अस्तर झिजले किंवा त्यावर तेल सांडले की प्लेट घसरते. घसरली की तापते. तापली की जळते.

मिस्त्रीने गाडीवाल्याला विचारले, "गाडी चालवताना डावा पाय कुठं असतो तुमचा?"

गाडीवाला ओशाळला. पाय सदा पेडलवरच असायचा! नुसता पाय टेकला तरी दाब थोडा सुटतो. चढावर गाडी थोपवून धरायला तो हाफ क्लचही वापरायचा. तिथे खरे तर ब्रेक लावावा. पण बारा-बारा तास गाडी चालवणाऱ्याचा पाय थकतो, हेही खरेच.

दुरुस्तीला सबंध दिवस लागला. आधी बॅटरीची तार सोडली. मग जॉइंट खोलला. गिअर बॉक्स फार जड असतो, तो हातावर तोलायचा नसतो. मिस्त्रीने त्याच्याखाली जॅक लावला आणि तो सरळ मागे ओढून काढला. गाडीखाली मात्र त्याने भक्कम ठोकळे दिले होते. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. जॅक सरकला तर माणूस जातो.

आत काळी धूळ साचली होती. पुतण्या ती फुंकायला वाकला. मिस्त्रीने त्याचा हात धरून मागे ओढले.

"फुंकू नकोस! हवेच्या नळीनंही उडवू नकोस. जुन्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असतं. ही धूळ छातीत गेली की बाहेर येत नाही. वीस-तीस वर्षांनी दमा लागल्यासारखा दम लागतो, कॅन्सरही होतो." मग त्याने ओल्या फडक्याने धूळ पुसली आणि फडके पिशवीत बांधून टाकले. हे काम करताना किती मिस्त्री तोंडाला साधा रुमालही बांधत नाहीत! आणि बांधला, तरी इतकी बारीक धूळ रुमालाने अडत नाही.

प्लेटचे अस्तर रिव्हेटपर्यंत झिजले होते. फ्लायव्हीलवर निळे डाग पडले होते, पण तडा नव्हता. मिस्त्रीने ते खरादावर साफ करून आणले. नवी प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग आणले. प्लेटची कुठली बाजू फ्लायव्हीलकडे येते, हे बहुधा प्लेटवरच लिहिलेले असते. उलटी बसवली तर सगळी मेहनत पाण्यात. तेलकट हात त्याने अस्तराला लागू दिला नाही. प्लेट बरोबर मध्ये यावी म्हणून एका जुन्या शाफ्टवर ती धरली. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळले. शेवटी पेडलला वर थोडी मोकळी चाल ठेवली. ही चाल गाडीच्या पुस्तकात दिलेली असते. अजिबात चाल नसेल तर पाय न लावताही क्लच घसरत राहतो.

"परदेशातल्या ट्रकांना म्हणे क्लचचं पेडलच नसतं?" पुतण्याने विचारले.

"काहींना नसतं. गिअर आपोआप बदलतो. पण आत प्लेटा असतातच. त्यांना तेलाचा दाब पकडून धरतो. धक्का बसू नये म्हणून जुन्या गाड्यांत हा दाब हळू चढतो. तेवढ्या वेळात प्लेटा घसरतात. भरलेल्या गाडीत त्या जळतात. म्हणून तिकडचे मिस्त्री त्यात वेगळ्या स्प्रिंगा घालतात, तेलाची भोकं थोडी मोठी करतात. मग प्लेट चटकन पकडते. गिअर पडताना जरा हिसका बसतो, पण प्लेट टिकते. जळालेली प्लेट मात्र त्यानं बरी होत नाही. ती बदलावीच लागते."

निघताना मिस्त्रीने आणखी एक गोष्ट विचारली. "घाट उतरताना गाडी न्यूट्रल करता का?"

"डिझेल वाचतं ना थोडं."

"भरलेली गाडी एकट्या ब्रेकवर उतरवता तुम्ही? ब्रेक तापले की पकडत नाहीत. गाडी गिअरमध्ये असली तर इंजिन तिला मागे ओढून धरतं. क्लच घसरत असला तर तोही आधार गेला. ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा."

दुसऱ्या दिवशी कापडाचे तागे भरून गाडी नाशिकला निघाली. शहापूर गेले, खर्डी गेली, कसारा आला. पुतण्या काकाच्या डाव्या पायाकडे बघत होता. पाय पेडलच्या बाजूला, खाली फळीवर होता. इंजिन एका सुरात चालले होते आणि गाडी वळणामागून वळण चढत होती. इगतपुरीला चहाला थांबले तेव्हा पुतण्याने खिशातली वही काढली आणि तारीख घालून लिहिले : क्लच प्लेट बदलली.