निधी कोठे ठेवावा?

संस्थेचा निधी सुरक्षित असावा व त्यावर बरे व्याज यावे, याहून अधिक चौकशी आपण विश्वस्तांकडे सहसा करीत नाही. वार्षिक सभेत हिशेब वाचला जातो, माना डोलतात आणि चहा येतो. परंतु ती रक्कम मधल्या काळात कोणाच्या धंद्याला उपयोगी पडते, या प्रश्नावर परदेशांतील विद्यापीठांत मोठा वाद झाला आहे.

तिकडील विद्यापीठांची गंगाजळी मोठी. तिचा बराच भाग शेअरांत असतो. कोळसा, तेल व वायू जाळल्याने हवा तापते हे ठाऊक असूनही विद्यापीठाने त्याच धंद्याच्या नफ्यावर चालावे काय, असे विद्यार्थी विचारू लागले. २०१४ मध्ये स्टॅनफर्डने कोळसा कंपन्यांतील थेट गुंतवणूक सोडण्याचे ठरविले. त्याच वर्षी ग्लासगो विद्यापीठानेही तेल-कोळशातून अंग काढण्याचा निर्णय घेतला. निधी हे राजकीय बदल घडविण्याचे साधन नव्हे, असे २०१३ मध्ये हार्वर्डचे म्हणणे होते. २०२१ मध्ये त्यानेही अशा कंपन्यांत यापुढे थेट गुंतवणूक करणार नसल्याचे जाहीर केले.

याच हार्वर्डने १९९० मध्ये तंबाखूचे शेअर विकले होते. निपाणीकरांस हे वाचून थोडे टोचेल. आपल्याकडे तंबाखूवर घरे उभी राहिली, विड्या वळून आयांनी मुलांच्या फिया भरल्या. त्यामुळे दुसऱ्याच्या पैशाला विटाळ मानणे प्रस्तुत लेखकाला तरी जड जाते. मात्र विडी वळणारीपुढे दुसरा मार्ग क्वचितच असतो. गुंतविणाऱ्यापुढे तो असतो.

एकाने विकलेला शेअर दुसरा घेतो, कंपनीचे काय बिघडते, असा आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही. या चळवळीचा भर कंपनीच्या तिजोरीपेक्षा तिच्या प्रतिष्ठेवर आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये व पुन्हा जुलै २०२१ मध्ये वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले व वाहतूक थांबली, हे आपण विसरलेलो नाही. एखादा पूर केवळ कोळशाच्या माथी मारता येत नाही. पण हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते, व पाऊस कोसळतो तेव्हा जास्त कोसळतो.

आपल्या संस्थांचा प्रश्न निराळा आहे. धर्मादाय निधी कोठे गुंतवावा याचे प्रकार आयकर कायद्यानेच ठरवून दिले आहेत. त्यामुळे आपला पैसा बहुधा बँकेच्या मुदतठेवींत किंवा सरकारी रोख्यांत असतो. विकायला तेलाचे शेअर नाहीतच. मात्र बँक त्या ठेवींतून कोणाला कर्ज देते, हे ठेवीदाराला कोणी विचारीत नाही. रिझर्व्ह बँकेने १ जून २०२३ पासून ‘हरित ठेवीं’चे नियम लागू केले. अशी ठेव घेणाऱ्या बँकेने ती रक्कम सौरऊर्जेसारख्या कामांनाच द्यावयाची असते. केंद्र सरकारनेही जानेवारी २०२३ मध्ये पहिले हरित कर्जरोखे काढले.

व्याज पाव टक्का कमी मिळाले असे धरू. दहा लाखांवर वर्षाला २,५०० रुपये जातील, म्हणजे एखाद्या मुलाच्या वह्यापुस्तकांचा खर्च. ते मूल वेदगंगाकाठच्या गावचेही असू शकेल. म्हणून हा निर्णय एकट्या खजिनदारावर न टाकता, येत्या सभेत हिशेबाबरोबरच चर्चेला घ्यावा.