यंत्रमानव आणि चालविणाऱ्याचे मन

यंत्रमानव चालविण्यास शिकणे म्हणजे केवळ कळा दाबण्यास शिकणे नव्हे. चालविणाऱ्याचे मन कोठे फसते, हेही शिकणे होय. निर्णय घेताना मन जवळची वाट धरते. त्यातून होणाऱ्या ठरावीक चुकांना मानसशास्त्रात संज्ञानात्मक पूर्वग्रह म्हणतात. त्यांपैकी यंत्रावरील अतिविश्वास या एकाच पूर्वग्रहाचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात यंत्रमानव लोकांना वाट दाखवून एका खोलीत नेई. निम्म्या जणांसमोर त्याने मुद्दाम चुका केल्या. काही मिनिटांनी कृत्रिम धूर सोडला गेला, धोक्याची घंटा वाजली. तेव्हा सर्वच्या सर्व २६ जण त्याच्याच मागे गेले. पुढील एका चाचणीत त्याने अंधाऱ्या खोलीकडे खूण केली, तरीही बहुतेकांनी आल्या वाटेने बाहेर पडणे पसंत केले नाही. डोळ्यांनी पाहिलेली चूकही संकटसमयी विसरली गेली.

प्रयोगात कोणाचा जीव गेला नाही. रस्त्यावर मात्र गेला. १८ मार्च २०१८ रोजी ॲरिझोनातील टेम्पी येथे स्वयंचलित चाचणी-मोटारीने रस्ता ओलांडणाऱ्या महिलेस धडक दिली व ती मरण पावली. संवेदकांनी तिला ५.६ सेकंद आधी टिपले होते. परंतु ती पादचारी आहे, हे प्रणालीला ओळखता आले नाही. देखरेखीस बसलेल्या चालिकेची नजर मोबाइलवर होती. चौकशीत तिच्या दुर्लक्षाबरोबरच कंपनीच्या अपुऱ्या देखरेखीवरही ठपका आला. हे योग्यच झाले. कारण शंभर वेळा बिनचूक चाललेले यंत्र कोणाचीही सावधानता निजवते. केवळ ‘लक्ष ठेवा’ असे सांगून भागत नाही.

मग उपाय कोणता? यंत्र केव्हा थांबवायचे, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरवावे. पडद्यावरील उत्तर पाहण्याआधी स्वतःचा अंदाज बांधावा. देखरेखीची पाळी लहान ठेवावी. यंत्र चुकल्यास काय करायचे, याचा सराव वरचेवर करावा. मात्र एका चुकीमुळे यंत्र कायमचे टाकून देणे, हाही पूर्वग्रहच होय.

आपली मुले उद्या कारखान्यांत, रुग्णालयांत, शेतांत अशी यंत्रे चालवतील. त्यांना यंत्राची ओळख अवश्य करून द्यावी. त्याआधी, ‘हे मला कशावरून खरे वाटते?’ असे स्वतःस विचारण्याची सवय लावावी. यंत्र थांबविण्याची कळ अखेर माणसाच्याच हाताखाली असते.